लेफ्ट बॅक, लेखक आणि विद्यार्थी व्हिसा

तू जे विचारलंस ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय २१. घर नागपूरला, सदरमध्ये. कामठीच्या एका फुटबॉल क्लबकडून लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळतोस आणि कॉलेजच्या एकांकिका लिहितोस. पुढच्या सप्टेंबरात मँचेस्टरला पटकथालेखनाचं एम.ए. करायचं, सोबत तिथल्या एखाद्या छोट्या क्लबात खेळून चार पैसे मिळवायचे आणि दोन्हींपैकी जे जमेल ते धरायचं, असा बेत आहे. बाबा बेस्याचा प्लॉट विकायला तयार आहेत. ‘ताई, येऊ का?’

प्लॉटचं वाचलं म्हणूनच एवढं लांबलचक लिहितेय.

मी ११ वर्षांपासून मँचेस्टरजवळच्या बरी या गावात राहते. त्याआधी सात वर्षं मुंबईत मराठी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले. माझा मोठा भाऊ कामठीच्या मैदानांवर वाढला. खेळाडू कोट्यातून त्याला रेल्वेत नोकरी लागली आणि आता तो संध्याकाळी मोतीबागेत पोरांना शिकवतो. म्हणजे तुझी दोन्ही स्वप्नं माझ्या घरात राहून गेलेली आहेत.

सगळ्यात आधी व्हिसा, कारण तुझा बेत तिथेच अडतो. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण दोन गोष्टींना स्पष्ट मनाई आहे. स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळता येत नाही, त्यात प्रशिक्षकाचं कामही आलं. तुझी दोन्ही स्वप्नं नेमकी याच दोन खणांत बसतात. टीव्हीसाठी फ्रीलान्स लिहून बिल लावलंस तर तो स्वतंत्र व्यवसाय. अर्धव्यावसायिक क्लबात खेळलास तर तू व्यावसायिक खेळाडू, आणि तेही पैसे घेतलेस किंवा नाही घेतलेस तरी. व्हिसाच्या नियमांतल्या व्याख्येत ‘मोबदला असो वा नसो’ असंच लिहिलंय. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये मनसोक्त खेळ, त्याला आडकाठी नाही. पण ‘शनिवारी खेळून भाडं काढीन’ हे गणित आजच पुसून टाक. शिकून झाल्यावर जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो त्यावर लिहिता येतं, बिल लावता येतं, पण व्यावसायिक फुटबॉल तिथेही नाही. शिवाय १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळेल. एवढ्या अवधीत परक्या मुलखात लेखक म्हणून पाय रोवणं फार अवघड आहे.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर माझ्याकडे बघून तू चुकीचा हिशोब मांडशील. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे त्याच्या व्हिसावर आले. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला फ्रीलान्स काम करायची मुभा होती आणि घरभाड्याची चिंता नव्हती. पहिली तीन वर्षं मी जवळपास काहीच कमावलं नाही. तुझ्या बाबांच्या प्लॉटवर तशी तीन वर्षं निघणार नाहीत.

आता फुटबॉल. आमच्या घरापासून गिग लेन हे बरी क्लबचं मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९९९ मध्ये बायचुंग भुतिया याच क्लबात आला आणि तीन हंगाम इथे राहिला. भाऊ पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा सामान हॉलमध्ये टाकून आधी ते मैदान बघायला गेला. बराच वेळ फाटकापाशी उभा होता, मग म्हणाला, ‘हा माणूस इथं येण्याआधी तिकडं किती खेळून आला होता, ते कोणी पाहातच नाही.’ हे वाक्य मी तुझ्यासाठी जपून ठेवलंय असं समज. भुतिया आला तो ईस्ट बंगाल आणि भारतीय संघाकडून खेळून. १९३६ मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबाकडून पायाला नुसत्या पट्ट्या बांधून खेळला, तोही मोहमेडन स्पोर्टिंगमध्ये घडलेला खेळाडू होता. गुरप्रीत सिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकला गेला तो ईस्ट बंगालमधूनच. हे तिघंही आधी देशात खेळून, नाव कमावून मगच बाहेर गेले.

आणि तयार खेळाडूलाही दार बंद होऊ शकतं. २००९ मध्ये सुनील छेत्रीचा लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार झाला होता, पण वर्क परमिट मिळालं नाही, कारण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० देशांत नव्हता. ब्रेक्झिटनंतर नियम बदलले, गुणांची पद्धत आली. राष्ट्रीय संघाकडून किती खेळलास, क्लबकडून किती मिनिटं खेळलास, ती लीग कोणत्या दर्जाची, हे सगळं मोजतात. देशाच्या संघासाठीचे गुण क्रमवारीत वर असलेल्या देशांच्या खेळाडूंना जास्त मिळतात आणि आपण शंभराच्याही बाहेर आहोत. तेव्हा इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल हे तुझ्यासाठी आज नाही. कोणीतरी पोराला हे तोंडावर सांगायला हवं, म्हणून सांगतेय. तुझा खेळ मी पाहिलेला नाही. तो उत्तम असेलही, तरी हे बदलत नाही.

‘युरोपात ट्रायल’ लावून देणाऱ्यांपासून जप. भाऊ २२ वर्षांचा असताना अशाच एका एजंटने आमच्याकडून दीड लाख घेतले होते. आईच्या दोन पाटल्या त्यात गेल्या. ट्रायल म्हणजे तीन दिवसांचं सशुल्क शिबिर निघालं, बघायला कुठल्याही क्लबाचा माणूस नव्हता. त्या शिबिरात भाऊच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि विमा नव्हता. परत आल्यावर वर्षभर तो मैदानाच्या रस्त्याने जायचा नाही, सायकल वळवून लांबून जायचा. आता फिफाचा एजंट परवाना असतो आणि नाव तपासता येतं. परवाना नसेल तर बोलणं तिथेच थांबव. परवाना असला तरी क्लबाचं पत्र स्वतः क्लबाला विचारून खात्री करून घे.

देशातही फुटबॉलची वाट सोपी नाही, हे मी जाणते. २०२५ मध्ये आयएसएल या देशातल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल लीगचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही, मोठमोठे खेळाडू पगाराविना घरी बसले. तरीही आपल्याकडे फुटबॉलमधून आयुष्य उभी राहिलेली आहेत. हिस्लॉप कॉलेजात शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन जे काम सुरू केलं, त्यातून कितीतरी पोरं प्रशिक्षक झाली, होमलेस वर्ल्ड कपपर्यंत गेली. भाऊ म्हणतो, एआयएफएफचा, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचा, डी लायसन्स हा प्रशिक्षकांचा प्राथमिक कोर्स तुझ्या वयातच करून टाकावा. सीआरएस या महासंघाच्या खेळाडू-नोंदणीत तुझं नाव आहे का, हेही त्याने विचारलंय. नसेल तर क्लब बदलताना, राज्य संघाच्या निवडीला, सगळीकडे अडशील.

लेखनाबद्दल जास्त बोलायचंय, कारण तिथे तुला खरी आशा आहे असं मला वाटतं.

मुंबईत मी शिकले ते वेगाने लिहायला. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद माझे. गुरुवारी टीआरपी यायचा आणि शुक्रवारी कथेचा अख्खा ट्रॅक उलटायचा. सकाळी सीन मागवले की दुपारी सेटवर हवेत. आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपली की रात्री दोनला फोन. त्या दमछाकीत मी एक गोष्ट मिळवली. नटाच्या तोंडात न बसणारं वाक्य मला लिहितानाच टोचू लागलं. हे कोणत्याही एम.ए.ने मला दिलं नसतं. शेवटची मालिका एका फोनवर बंद झाली आणि ४० एपिसोडचे पैसे आजवर आलेले नाहीत. करारात ‘प्रक्षेपणानंतर ९० दिवसांनी’ असं होतं आणि मी कसलीही लेखी नोंद ठेवली नव्हती. तू मुंबईला गेलास तर पहिल्याच आठवड्यात स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा सभासद हो. प्रत्येक मसुदा नोंदव आणि करार त्यांच्या नमुन्याशी ताडून मगच सही कर.

इथली पद्धत निराळी आहे. कोरोनेशन स्ट्रीट ही टीव्ही मालिका १९६० पासून चालू आहे आणि आजही ग्रेटर मँचेस्टरमध्येच बनते. अशा मालिकांत लेखक एकत्र बसून पुढच्या महिन्यांची कथा भांडून ठरवतात, स्टोरीलायनर ती एपिसोडवार मांडतात, मग एक एपिसोड एका लेखकाचा, नाव त्याचं एकट्याचं. सोबत स्क्रिप्ट एडिटर असतो आणि चार-पाच मसुदे होतात. मला हे फार आवडतं. पण जागा आटत चालल्या आहेत. बीबीसीची डॉक्टर्स ही मालिका नवख्या लेखकांची शाळाच होती, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. हॉलिओक्स ही दुसरी मालिका आठवड्याला पाचावरून तीन एपिसोडवर आली. इथेच जन्मलेले, २० वर्षं काम केलेले लेखक आज घरी बसून आहेत. त्या रांगेत तू शेवटचा उभा राहशील.

मला पहिलं काम कसं मिळालं ते सांगते. दोन वर्षं मी त्यांच्यासारखं लिहायला बघत होते, पबमधली भांडणं, पावसातले घटस्फोट. सगळं परत आलं. मग एका रात्री नागपूरच्या इतवारीतली आई आणि मँचेस्टरशेजारच्या सॅल्फर्डमधला मुलगा यांच्यातला व्हिडिओ कॉल लिहिला. आई एकदाही ‘तू कधी येशील’ विचारत नाही. संत्र्याचा भाव सांगते, नळाला पाणी किती वाजता आलं ते सांगते, फोन ठेवायच्या वेळी ‘स्वेटर घालत जा बाप्पा’ म्हणते. ती दहा पानं वाचून एका स्क्रिप्ट एडिटरने मला चहाला बोलावलं. त्या दहा पानांत मुंबईची सात वर्षं होती आणि आमची आई होती.

म्हणून माझं मत असं, की आत्ता येऊ नकोस. प्लॉट विकू नकोस. दोन-तीन हंगाम कामठी-नागपुरात नीट खेळ, संतोष ट्रॉफी या राज्य संघांच्या स्पर्धेच्या निवडीला उतर. सोबत मुंबईत किंवा पुण्यात मालिकेच्या लेखन-टीममध्ये सहायक म्हणून घुसायचा प्रयत्न कर. इथला ग्लोबल टॅलेंट व्हिसा झालेलं काम आणि मान्यवरांची पत्रं बघून मिळतो, त्यावर फ्रीलान्सही करता येतं. त्या रस्त्याने २८ व्या वर्षी आलास तरी उशीर झालेला नसेल. आणि एम.ए. करायचंच असेल तर शिष्यवृत्तीवर कर, फक्त शिकण्यासाठी कर, परतीचं तिकीट हाताशी ठेवून.

तू पाठवलेली एकांकिका वाचली. धाकट्या बहिणीचं बोलणं अस्सल आहे, पण बाप पुस्तकी बोलतो. तुझे बाबा प्लॉट विकायला तयार झाले तेव्हा घरात नेमके कोणते शब्द वापरले गेले, ते लिहून काढ. डिसेंबरात मी तीन आठवडे नागपूरला आहे. ती पानं घेऊन ये. सकाळी गोकुळपेठेत तर्री पोहे खाऊ आणि संध्याकाळी भावाकडे मोतीबागेत जाऊ. बूट सोबत आण, तो तुला डावीकडून पळवून बघणार आहे.