‘तारण’: पेढीवरचे आणि पैलतीराचे

एका वाचकाने विचारले आहे की, बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात (12:2) ‘देव माझे तारण आहे’ असे जे वाक्य येते त्यातील ‘तारण’ आणि सोनेतारण कर्जातील ‘तारण’ हा एकच शब्द आहे काय, आणि आजच्या वाचकाला सहज कळावे म्हणून तेथे ‘सुरक्षा’ किंवा ‘हमी’ असा शब्द घातला तर काय बिघडेल.

शब्द एकच आहे, आणि बदलला तर बरेच बिघडेल. ‘दागिना जसा बँकेत तारण ठेवतात तसे प्रभूने स्वतःला आपल्यासाठी तारण ठेवले’ हे स्पष्टीकरण मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की, आता त्याचा वीट आला आहे. या दृष्टान्तात सावकार कोण, हप्ते कोण फेडणार आणि कर्ज फिटल्यावर दागिना सोडवून परत कोठे न्यायचा, याचा विचार तो सांगणाऱ्याने केलेला नसतो. ‘तारणहार’ या रूपाबद्दल एवढेच म्हणतो की, तारतो त्याला ‘तारणारा’ म्हणण्याची सोय मराठीत पूर्वीपासून आहे, आणि तिला हिंदी झालर लावल्याने भक्ती वाढत नाही.

संस्कृत ‘तॄ’ धातूचा अर्थ पार जाणे, आणि त्याच्या प्रयोजक रूपापासून झालेल्या ‘तारण’ शब्दाचा अर्थ पार नेणे. तरणे, तारू, तीर्थ, अवतार ही सगळी त्याच धातूची प्रजा असून ती सर्वांना ठाऊक असल्याने तिच्यात वेळ घालवत नाही. सावकाराचे तारण या कुळात कसे आले, याविषयी मात्र माझे स्वतःचे एक मत आहे. मराठीत कर्ज बुडते, ठेवी बुडतात, सावकार बुडतो, आणि हिशेबात ‘बुडीत खाते’ नावाचे एक पानही असते. देण्याघेण्याची आपली सगळी भाषा अशी गळ्यापर्यंत पाण्यात उभी आहे. जे गाठीशी असल्यामुळे दिलेली रक्कम बुडत नाही, तरून राहते, ते तारण. कोणी याहून सरस व्युत्पत्ती दाखवली तर ऐकून घेईन. पण तोवर पेढीवरचा अर्थ हा नदीवरच्या अर्थाचाच धाकटा भाऊ आहे, असे मी मानतो. म्हणून धाकट्यावरून थोरल्याचा अर्थ लावणे मला उलटे वाटते.

आता ज्यासाठी लेखणी उचलली त्या गोष्टीकडे येतो. यशयाने त्या ओळीत परमेश्वराला बल, गीत आणि तारण अशा तीन नावांनी संबोधले आहे, आणि हे त्रिकूट त्याचे स्वतःचे नव्हे. ते स्तोत्र 118:14 मध्ये आहे, आणि त्याचे मूळ निर्गम 15:2 मध्ये आहे, जेथे मिसरच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक समुद्राच्या दुभंगलेल्या पाण्यातून कोरड्या पायांनी पलीकडे पोचतात आणि पैलतीरावर उभे राहून गातात. मराठी अनुवादाने येथे ‘पार नेणे’ या अर्थाचा शब्द योजला, हा विचारपूर्वक केलेला निर्णय असो की योगायोग, तो प्रसंगाला इतका चपखल बसतो की, मूळ हिब्रू शब्दातही नसलेली एक गोष्ट मराठीत आली आहे. ‘मुक्ती’ हाही पर्याय होता, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या संस्थेला तेच नाव दिले. परंतु मुक्तीत बंधन सुटते एवढेच कळते, आणि सुटलेला माणूस पुढे कोठे गेला हे कळत नाही.

मूळ हिब्रू शब्द ‘येशुआ’. ‘येशू’ हे नाव याच धातूवरून आलेले असल्याने मत्तय 1:21 मध्ये देवदूत नाव सांगताना लगेच कारणही सांगतो की, तो आपल्या प्रजेला तिच्या पापांपासून ‘तारील’. ज्याने पुढे लोकांना यार्देन नदी पार करवली त्या यहोशवाचे नावही हेच. जुन्या कोशकारांनी या धातूचा संबंध ‘प्रशस्त असणे’ असा अर्थ असलेल्या अरबी ‘वसिअ’ या धातूशी जोडला, म्हणजे तारणे म्हणजे कोंडलेल्याला जागा करून देणे. नंतरच्या पंडितांनी दक्षिण अरबस्तानातील जुन्या लेखांमधील नावांकडे बोट दाखवून सांगितले की, तेथे या धातूचे मधले व्यंजन निराळे दिसते, म्हणून हे नाते टिकत नाही. बायबलच्या भाषेचे अभ्यासक जेम्स बार यांनी तर 1961 मध्ये, शब्दाच्या मुळावरून धर्मशास्त्र उभारण्याच्या सवयीवरच कडाडून टीका केली. बार यांचा इशारा सुतारकाम शिकवताना करवतीची भीती घालण्यासारखा आहे: भीती खरी, पण तेवढ्यासाठी लाकूड न कापता बसून राहणे मला मान्य नाही. धातूचे नाते खोटे ठरले तरी स्तोत्रकर्त्यांनी त्या दोन कल्पना स्वतःच्या हातांनी एकत्र बांधल्या आहेत, त्याचे काय करणार? स्तोत्र 118:5 मध्ये कवी अरुंद जागेतून हाक मारतो आणि परमेश्वर त्याला प्रशस्त जागेत उत्तर देतो, आणि तेच स्तोत्र नऊच ओळींनंतर त्याला ‘माझे तारण’ म्हणते. व्युत्पत्ती पंडितांच्या हातची असेल, पण ही जोडणी कवीची आहे.

त्या अरुंद जागेसाठी हिब्रूत ‘मेत्सर’ शब्द आहे, आणि तो ज्या ‘त्सर’च्या कुळातला त्याचा मूळ अर्थ ‘अरुंद’, आणि त्यावरून अर्थ झाला ‘क्लेश, विपत्ती’. मराठी बायबलात त्याच्यासाठी बहुधा ‘संकट’ येते, जसे स्तोत्र 46:1 मधील ‘संकटसमयी’. ‘संकट’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ काय? अरुंद, चिंचोळे, दाटीचे; नाम म्हणून अरुंद वाट, खिंड. दोन असंबद्ध भाषाकुळांनी माणसाच्या आपत्तीला एकाच अनुभवावरून नाव दिले, आणि अनुवादकाने नकळत का होईना, खिंडीच्या जागी खिंडच ठेवली. वेदांतील ‘अंहस्’ हा शब्दही असाच आवळणारा आहे, आणि जर्मन ‘आंग्स्ट’ त्याचाच दूरचा भाऊबंद. आपणही शत्रूला ‘खिंडीत गाठतो’. दाविदाला त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाने अक्षरशः तसेच गाठले होते: 1 शमुवेल 23:26 मध्ये डोंगराच्या एका बाजूने शौल आणि दुसऱ्या बाजूने दावीद चालला आहे, आणि शौलाची माणसे त्याला वेढू पाहत आहेत. त्या काळाची आठवण म्हणून दिलेल्या अठराव्या स्तोत्रात तो परमेश्वराला आधी दुर्ग, गड, खडक, ढाल आणि बुरूज म्हणतो, म्हणजे महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला टिपणाची गरज पडू नये असे सगळे शब्द वापरतो. पण तो गडावर दार लावून बसत नाही. एकोणिसाव्या ओळीत परमेश्वर त्याला प्रशस्त स्थळी बाहेर आणतो, आणि त्याचे कारण दिले आहे ते असे की, परमेश्वर त्याच्याविषयी संतुष्ट होता. निर्भयता येथे भिंतीच्या जाडीवरून आलेली नाही. ती कोणाला तरी आपण आवडतो या जाणिवेतून आलेली आहे. ‘सुरक्षा’ हा शब्द तटबंदीपाशी थांबतो, मोकळ्या मैदानापर्यंत पोचत नाही, म्हणून तो मला येथे नको आहे.

‘हमी’ घालू पाहणाऱ्यांना सांगायचे ते असे की, शास्त्राला हमीची भाषा हवी असते तेव्हा ते ती उघडपणे वापरते. इब्री 7:22 मध्ये येशू अधिक चांगल्या कराराचा ‘जामीन’ आहे. इफिस 1:14 मध्ये पवित्र आत्मा आपल्या वतनाचा ‘विसार’ आहे, आणि जमिनीचा व्यवहार केलेल्या कोणालाही विसारपावती म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. विसार हा पूर्ण किमतीचाच पहिला हिस्सा असतो आणि तो परत नेण्यासाठी दिलेला नसतो. गहाण वस्तू परत मिळावी म्हणूनच दिलेली असते. येथील ग्रीक शब्द ‘अर्राबोन’ हा सेमिटिक व्यापाऱ्यांकडून ग्रीकांकडे गेला. हिब्रूत त्याचे रूप ‘एराबोन’, आणि उत्पत्ती 38 मध्ये तामार आपला सासरा यहूदा याच्याकडून मुद्रा, दोरा आणि काठी मागून घेते तो एराबोनच. तेथे त्याचा अर्थ सरळ गहाण असा होता. इफिसकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या हाती तो विसार झाला, आणि आजच्या ग्रीकमध्ये ‘अरावोनास’ म्हणजे साखरपुडा. बाजारातला शब्द लग्नघरी पोचला, यात मला विशेष नवल वाटत नाही, कारण होशेय 2:19 मध्ये परमेश्वर अविश्वासू ठरलेल्या प्रजेशी पुन्हा वाग्दान करतो आणि त्या वाग्दानात न्याय, दया आणि ममता देऊ करतो. जे ‘सिक्युरिटी’ शोधत बायबल उघडतात त्यांनी ही ओळ पाहावी. देवाने दिलेली हमी तेथे नवऱ्या मुलाच्या तोंडी आहे.

‘सुरक्षा’ला थोडीफार जागा असलीच तर ती स्तोत्र 121 मध्ये. तेथे ‘शामर’, म्हणजे राखणे, हा धातू आठ ओळींत सहा वेळा येतो, आणि राखणारा ना झोपतो ना डुलकी घेतो. पण तेथेही मी साधे ‘राखणारा’ म्हणेन आणि ‘राखणदार’ टाळेन, कारण कोकणात आणि गोव्यात राखणदार म्हटले की गावच्या वेशीवरचा वेगळाच कोणी तरी डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि त्याच्या नैवेद्याची चौकशी सुरू होते.