वडिलांच्या वस्तू भावनिक न होता कशा काढून टाकाव्यात?

वडील जाऊन चार महिने झाले, त्यांची स्कूटर, मनगटी घड्याळ आणि हत्यारांची पेटी घरात पडून आहे, तुम्हाला ते सगळं विकून खोली मोकळी करायची आहे आणि बहीण 'राहू दे अजून' म्हणते, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. खोली मोकळी करण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी अडले ती 'भावनिक न होता' या शब्दांपाशी. हेच शब्द मी 2019 साली आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत बसून ऐकले होते आणि तेव्हा तोंडातून अक्षर निघालं नव्हतं. आज निघतंय, तर ऐकून घ्या. स्कूटरचं शेवटी सांगते.

आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. चार एकर ऊस आणि घरचं गुऱ्हाळ. (रसवंतीच्या दुकानालाही लोक गुऱ्हाळ म्हणतात, ते नव्हे. गुळाचं.) बऱ्याच गुऱ्हाळांवर गुळव्या, म्हणजे गूळ काढणारा कारागीर, बाहेरचा असतो, पैसे देऊन आणलेला. आमच्यात गुळवे आबाच, म्हणजे माझे वडील. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघाले की होळीपर्यंत आबा घरी फक्त आंघोळीला यायचे. जेवण गुऱ्हाळावर जायचं आणि ते घेऊन जाणारी मी.

रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, पडला की खाली चुलवाणात (भट्टीत) चिपाडं, म्हणजे रस काढलेला वाळका ऊस, घालत राहायची. मळी वर येते ती काढायची. भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घातलं की उरलेली मळीही गोळा होऊन वर येते. हे दोन-अडीच तास चालतं आणि त्यात घाम सोडून फारसं काही नाही. सगळा खेळ शेवटच्या पाच मिनिटांचा. पाक 118 अंशांच्या आसपास आला की काहील उतरवायची. आधी उतरवली तर गूळ लिबलिबीत होतो, उशीर झाला तर काळा आणि कडवट. आबांनी थर्मामीटर कधी हातात धरला नाही. पितळी वाटीत गार पाणी घ्यायचं, त्यात पाक सोडायचा, बोटांनी गोळी वळायची आणि वाटीच्या कडेवर मारायची. टण्ण वाजली की झालं. पण गोळी बघायची वेळ आली हे त्यांना वासानं कळायचं. तोवर ते वाटीला हातही लावायचे नाहीत.

मी नववीत असताना ऐन डिसेंबरात आबांना जबर सर्दी झाली. नाक बंद. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, तो म्हणाला, मी बघतो. त्यानं बघितलं आणि ते आदण (एका वेळचा काहीलभर पाक) वाफ्यात, म्हणजे पाक गार करायच्या जागेत, जमेचना. सात-आठ रव्यांचा (ढेपांचा) माल चिकट झाला, पुढच्या आदणांत थोडा थोडा जिरवावा लागला. आबा काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत की जास्त लागायचं.

तेवढ्यात मी भाकरी घेऊन पोचले. आबा मफलर गुंडाळून काहिलीशेजारी बसलेले. म्हणाले, "ठेव ती बुट्टी. हिकडं ये. वास कसला येतोय सांग."

"काकवीचा."

"बस मग हितंच. बदलला की सांग."

मी बसले. वाफेनं चेहरा भाजत होता आणि पाठ थंडीनं गारठलेली. बऱ्याच वेळानं वास बदलला. कसा ते सांगणं अवघड आहे, पण शेंगा भाजताना कच्चेपणा जातो आणि खमंगपणा सुरू होतो, त्या मधल्या क्षणासारखा. म्हटलं, "आबा, भाजक्या शेंगांचा येतोय." ते ताडकन उठले, वाटी घेतली, गोळी मारली. वाजली. "उतरा रंऽ!" त्या दिवशी चार आदणं माझ्या नाकावर निघाली. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवली, तिसऱ्याही दिवशी. सर्दी उतरल्यावर आबा म्हणाले, "आता मी बघतो." मी म्हटलं, "न्हाई, मीच बघतो." (आमच्याकडं पोरीही 'येतो, जातो' म्हणतात, हसू नका.) रात्री आईला म्हणाले, "औंदा पोरीनं गूळ काढला." बस्स. आमच्या घरात कौतुक यापेक्षा लांब नसायचं.

त्यानंतर दर हंगामात सुट्टीचा दिवस माझा. लग्न होईपर्यंत.

दादाचा आणि आबांचा वाद रंगाचा. बाजाराला गूळ पिवळाधमक लागतो. आबांचा तांबूस निघायचा, कारण रंग उजळायची हायड्रॉस पावडर ते काहिलीजवळ येऊ द्यायचे नाहीत. साखर मिसळायचा तर विषयच नव्हता. दादा म्हणायचा, "आबा, गिऱ्हाईक रंग बघतंय." आबा म्हणायचे, "आणि घरी जाऊन खातंय की." कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आबांनी पेपरातलं कात्रण गुऱ्हाळाच्या खांबाला खळीनं चिकटवलं. दादानं विचारलं, "कात्रणाला दर किती?" मला तेव्हा दादाचा राग आला होता. आता हिशेब कळतो. क्विंटलमागं दर कमी, चिपाडं घालायला माणूस मिळत नाही, आणि तोच ऊस कारखान्याला घातला की रात्रीची झोप तरी लागते.

आबा 2018 च्या माघात गेले, हंगाम चालू असताना. महिनाभरात वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर माझं नाव लागलं, आणि मग ते कमी करायला दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे हे मला माहीत होतं, दादालाही होतं. तरी सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. जबरदस्ती लागतच नाही, तुमच्या सगळ्या चुलतबहिणींनी आधी केलेली असते. परत येताना गाडीत एवढंच म्हटलं, "मला दुसरं काही नको. काहील मोडू नका, आणि ती वाटी मला द्या."

दादा म्हणाला, "काहील कुठं ठेवशील, फ्लॅटच्या बाल्कनीत?" सगळे हसले. मीही हसले. साडेआठ फुटांची काहील, हसण्यासारखंच होतं. पण तो 'हो' म्हणाला असं मी मनात धरून चालले.

पुढच्या वर्षी, 2019 च्या ऑगस्टात, महापूर आला. गुऱ्हाळात छपरापर्यंत पाणी. गणपतीला गेले तेव्हा चुलवाणाच्या जागी नुसता खड्डा होता आणि त्यात गाळ. सोप्यात चहा पिताना विचारलं. दादा म्हणाला, "गंजणारच होती. भंगारवाल्यानं वजनावर नेली. अगं, आठवण वस्तूत नसती. जरा भावनिक न होता विचार कर."

आता माझं मत, जे तेव्हा सांगायला हवं होतं. 'आठवण वस्तूत नसते' हे वाक्य नेहमी वस्तू ज्याच्या ताब्यात असते तोच बोलतो. ज्याच्या हातात काही नसतं त्याला असली वाक्यं सुचत नाहीत. आणि 'भावनिक होऊ नकोस' याचा अर्थ आमच्या घरात एवढाच होता, की निर्णय झालाय, तू चहा पी. पुरुष माणसांना जमिनीसाठी डोकी फोडताना मी बघितलंय. त्याला कुणी भावनिक म्हणत नाही, त्याला व्यवहार म्हणतात. बहिणीनं बापाची काहील मागितली की ती भावना.

दुसरं, लोक म्हणतात फोटो ठेवा, फोटोत सगळं येतं. आबांचा फोटो भिंतीवर आहे, लग्नातला, टोपी घातलेला. त्या फोटोतल्या माणसाला मी ओळखतसुद्धा नाही. माझे आबा मफलरवाले, नाक चोंदलेले, हातात वाटी घेतलेले. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, गूळ त्याला पाकिटातली पावडर म्हणून माहीत. त्याला मी तो वास कुठून दाखवू? त्यासाठी काहील लागते, आणि काहिलीभोवती चार माणसं लागतात जी एकमेकांशी धड बोलत असतात. कुटुंब वगैरे मोठ्या शब्दांत लोक जे म्हणतात ते मला एवढंच कळतं. एकट्यानं काहील उतरत नाही.

आता न्यायानं दादाची बाजूही सांगते. पुरानंतर गुऱ्हाळातला आणि घरातला गाळ त्यानं आणि वहिनीनं आठ दिवस उपसला. मी पुण्याहून पाच हजार पाठवले आणि फोनवर चौकशी केली. सोसायटीचं पीककर्ज त्याच्या डोक्यावर होतं, माझ्या नाही. आबा अंथरुणाला खिळले ते तीन महिने रात्री तोच उठला. लग्नानंतर मी हंगामात किती वेळा गेले, तर बोटं मोजायला एक हात पुरतो. आणि काहील खरंच गंजली असती. त्यामुळं त्यानं विकली हे चूक होतं असं म्हणायला माझी जीभ आता वळत नाही. चूक एवढीच, की भंगारवाल्याला थांबवून मला एक फोन करायला दोन मिनिटं लागली असती. मी कदाचित 'दे विकून' म्हटलंही असतं. माझं भांडण सगळं त्या दोन मिनिटांचं आहे, आणि ते काही केल्या मिटत नाही.

वाटी सापडली. वहिनी तिच्यात कोंबड्यांना पाणी ठेवत होती. मागितल्यावर चिंच लावून लख्ख घासून दिली, वर म्हणाली, "आधी सांगायचं न्हवतं का?" सांगितलं होतं, गाडीत, पण ती गाडीत नव्हती. कडेला गोळ्या मारून मारून पडलेले बारीक पोचे आहेत. दादा दर दिवाळीला दुसऱ्या कुणाच्या गुऱ्हाळाची ढेप पाठवतो. मी वास घेऊन फोन करते, "दादा, साखर हाय यात." तो म्हणतो, "मला ठाऊक हाय. गप खा."

तर तुमचं सामान. स्कूटर विका, ती उभी राहून खराबच होते. पण गाडी वडिलांच्या नावावर असताना परस्पर विकता येत नाही. आधी आरटीओत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करून घ्या, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं ना-हरकत पत्र लागेल, म्हणजे बहिणीची सही तिथंही आलीच. घर किंवा जमीन असेल आणि तिच्याकडून हक्कसोड घ्यायचा विचार असेल, तर वर्षभर तरी तो कागद तिच्यापुढं ठेवू नका. वडील 2005 च्या आधी गेलेले असले तरी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 च्या ऑगस्टात स्पष्ट केलंय. तिलाही हे माहीत असेल. तरी ती सही करेल, आणि तुम्ही तिच्याकडून आणखी काय घेताय ते तुम्हाला तेव्हा कळणार नाही.

घड्याळाला किल्ली द्यायची असेल तर ते कुणीतरी वापरा. कपाटात ठेवायचं असेल तर विकलेलं बरं. हत्यारांची पेटी मात्र एकट्यानं उघडू नका. तिला बोलवा, एकेक हत्यार बाहेर काढा आणि ती कशाला हात लावते ते बघा. तुम्हाला माहीत नसलेली एखादी सर्दीची गोष्ट तिच्याकडं असेल. ती 'राहू दे' म्हणालेली नाही, 'राहू दे अजून' म्हणालीय. दिवाळीपर्यंत त्या खोलीचं काय अडलंय?