उंदराच्या फुफ्फुसावरचं संशोधन: मुलीला जाऊ द्यावं का?

डिचोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी म्हापशाला टीवाय बीएस्सी करते, विषय प्राणिशास्त्र. आजोबांनी खाणीवर काम केलं, पुढे त्यांना फुफ्फुसाचा त्रास जडला. तेव्हापासून तिला फुफ्फुसाच्या फायब्रोसिसवर संशोधन करायचं आहे. ‘त्यासाठी उंदरांना आजारी पाडावं लागतं म्हणे. हे काम नेमकं काय, त्यात पोट भरेल का, आणि गोव्यात राहून जमेल का?’

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: बहुधा नाही. एमएस्सी ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात होईल. पण वेर्णा-कुंडईच्या औषध कंपन्यांत बहुतेक काम उत्पादनाचं आणि गुणवत्ता तपासणीचं. प्राण्यांवरच्या चाचण्यांच्या नोकऱ्या मुख्यतः हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद, पुण्याकडे. घराबाहेर पाठवायची तयारी आत्ताच करा.

आता काम. फायब्रोसिसमध्ये फुफ्फुसात कोलॅजन हे तंतुमय प्रथिन साचतं आणि ते ताठर होतं. उंदरात हे घडवायची सर्वांत रुळलेली रीत ब्लिओमायसिनची. हे कर्करोगावरचं औषध. रुग्णांच्या फुफ्फुसांना त्याने होणारा अपायच इथे कामी येतो. सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांत फायब्रोसिस चांगलं उठतं, बाल्ब/सी फारशी दाद देत नाही. समजा उंदीर २५ ग्रॅमचा, मात्रा किलोला १.५ युनिट. म्हणजे ०.०३७५ युनिट, तेही ५० मायक्रोलिटर सलाईनमध्ये. मग १५ युनिटची व्हायल किती मिलिलिटरमध्ये विरघळवायची? उत्तर २०. मुलीला न सांगता सोडवायला द्या. अशा हिशेबाचा कंटाळा असेल तर ही वाट तिची नाही.

भूल दिलेल्या उंदराला तिरक्या फळीवर दातांनी अडकवतात, चिमट्याने जीभ बाहेर धरून घशात थेंब सोडतात आणि नाक दाबतात. श्वासाबरोबर थेंब खाली उतरतो. जीभ निसटली की उंदीर औषध गिळतो आणि तीन आठवड्यांनी फुफ्फुस ठणठणीत निघतं. हात बसायला वेळ लागतो, पण बसतो.

खरी गोम वेळेत आहे. पहिला आठवडा सुजेचा. फायब्रोसिस साधारण १४ ते २८ दिवसांत दिसतं. नवं औषध पहिल्याच दिवसापासून दिलं तर ते नुसती सूज उतरवतं आणि फायब्रोसिस रोखल्याचा भास होतो. म्हणून ते ७ ते १० दिवसांनंतर सुरू करायचं. शिवाय तरुण उंदराचं फुफ्फुस पुढे बऱ्याच अंशी आपोआप सुधारतं, माणसाचं तसं होत नाही. त्यामुळे काही जण मुद्दाम म्हातारे उंदीर घेतात. खाणीच्या धुळीला जवळचं मॉडेल सिलिकाचं. त्यात कण फुफ्फुसातच राहतात, गाठी टिकतात, पण प्रयोग लांबतो.

शेवटी मोजमाप. श्वासनळीतून २० ते २५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने फॉर्मेलीन सोडून फुफ्फुस फुगवतात. हे टाळलं तर दबलेली ऊती सूक्ष्मदर्शकाखाली दाट दिसते आणि निरोगी उंदीरही आजारी ठरतो. मग ॲशक्रॉफ्ट गुण, म्हणजे काप बघून फायब्रोसिसच्या तीव्रतेला दिलेले ० ते ८ गुण. गुण देणाऱ्याला उंदीर कोणत्या गटातला ते माहीत नसावं. जोडीला कोलॅजनमधल्या हायड्रॉक्सिप्रोलिन या अमिनो आम्लाची चाचणी, कारण कोलॅजन किती साचलं ते आकड्यात लागतं.

आणि हे मुलीशी स्पष्ट बोला: प्रयोग संपला की उंदीर मारावे लागतात. मध्येच वजन २० टक्क्यांहून जास्त घटलं तर त्या दिवशीच, वेदना न देता. १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंध कायदा, सीसीएसईए या प्राणिप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडे नोंदणी आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हे सगळं पाळूनही मारणारा हात तिचाच असतो. हे झेपत नाही, यात कमीपणा काही नाही.

२०१४ मध्ये यूजीसीने बीएस्सीतली विच्छेदनं बंद केली, त्यामुळे तिने प्राणी हाताळलेलाच नसेल. पणजीच्या गोवा कॉलेज ऑफ फार्मसीत फार्माकॉलॉजी विभागाकडे चौकशी करून बघा. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी विज्ञान अकादम्यांच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करा. एमफार्म तिला बंद आहे, त्याला बीफार्म लागतं. तिची वाट म्हणजे एमएस्सी, मग सीएसआयआर-नेट किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बीईटी ही फेलोशिपची परीक्षा, आणि पीएचडी. २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोशिपला) महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता, दोन वर्षांनी ४२,०००. पोट भरतं, पण पक्की नोकरी तिशीच्या आसपास.

नुसत्या उंदरांवर मात्र विसंबू नका. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये औषधांसाठी प्राणिचाचणीची सक्ती कायद्यातून काढली, आपल्याकडेही २०२३ मध्ये नियमांत पर्यायी पद्धतींना जागा मिळाली. फुफ्फुसाचे जिवंत काप, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले अवयवाचे इवले नमुने), पेशीसंवर्धन हेही तिने शिकावं.

एक राहिलं: तिला दमा किंवा ॲलर्जी आहे का? उंदरांच्या लघवीतल्या प्रथिनांनी तो वाढतो. प्रवेशाआधी छातीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.