पान 64 नंतर 193

गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेते. ज्यांनी मला पहिल्यांदाच पाहिलं त्यांच्यासाठी: मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं लघुलेखक होते, आता रहस्यकादंबऱ्या लिहिते. सातवी दसऱ्याला आली.

ताई, तुमच्या स्टेटसवर रोज नवा कार्यक्रम दिसतो. आज सिन्नर, उद्या मालेगाव. मग लिहिता कधी?
– एक वाचक, जेल रोड

पहाटे पावणेपाच ते साडेसात. तेवढा वेळ फोन कपाटात असतो आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे. बाकीचा दिवस आधी लिहिलेल्या पुस्तकांचा.

माझ्या टेबलावर एका वेळी तीन पुस्तकं असतात. एक दुकानात गेलेलं, दुसऱ्याची प्रूफं, तिसरं वहीत. मागच्या गुरुवारचंच सांगते. सकाळी वहीतलं दीड पान झालं. नऊला प्रूफं घेऊन बसले, तर सहाव्या प्रकरणात डावखुरा असलेला माणूस अकराव्यात उजव्या हाताने किल्ली फिरवत होता. दुसऱ्या कुठल्या कादंबरीत ही नजरचूक म्हणून खपून गेली असती. रहस्यकथेत वाचक लगेच पेन्सिलीने खूण करतो, कारण त्याला तो धागा वाटतो. म्हणून अख्खं प्रकरण पुन्हा वाचलं आणि त्यात जेवणाची वेळ गेली. दुपारी चाळीस प्रतींचा गठ्ठा सीबीएस बसस्थानकावरून एसटीने रवाना केला. संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात वाचकांशी गप्पा होत्या. ते वाचनालय 1840 पासूनचं. तिथल्या वाचकांसमोर मी तयारीनेच जाते.

वर्षाचंही गणित ठरलेलं आहे. जुलैअखेर दिवाळी अंकांच्या कथा द्यायच्या. दिवाळीपासून 27 फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे तात्यासाहेबांच्या (कुसुमाग्रजांच्या) जन्मदिवसापर्यंत, बोलावणी चालू असतात. मेमध्ये गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे मी श्रोत्यांत बसते. नव्या कादंबरीचा पहिला खर्डा मात्र पावसातच होतो.

प्रकाशनात शेवट न सांगता तासभर काय बोलता?
– एक वाचक, मालेगाव

पहिल्या तीस पानांबद्दल बोलते, त्यापुढचं काहीही नाही. एकदा पाहुण्यांनी भाषणाच्या भरात खुनी व्यक्तीचं नातं सांगून टाकलं. पहिल्या रांगेतल्या आजींनी नुकतंच विकत घेतलेलं पुस्तक मांडीवर मिटून ठेवलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून पाहुण्यांच्या घरी आधी जाऊन हात जोडून विनंती करते.

ताई, तुमच्या पाचव्या कादंबरीत 15 नोव्हेंबरला निफाडच्या बागेत मजूर पिकलेले घड काढतात. त्या दिवसांत आमच्या बागा फुलोऱ्यात असतात. घडाला कात्री लागायला फेब्रुवारी उजाडतो. एवढं तरी विचारायचं होतं.
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

दादा, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तुमचं पत्र मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावलंय. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर माल हाताशी यायला चार महिने लागतात, हे मला नाशिकमध्ये जन्मून ठाऊक असायला हवं होतं. ही चूक बारीक नव्हती. काढणीच्या कात्रीवर वाळलेला चिकट रस, हाच त्या गोष्टीतला मुख्य पुरावा. नोव्हेंबरात रसच नसेल तर पुरावा कुठला?

आधी वाटलं, गाव बदलून सटाणा करावं. तिकडे बागलाण तालुक्यात अर्ली छाटण्या पावसाळ्यातच होतात, त्यामुळे नोव्हेंबरात पिकलेला माल तिथे खरा असतो. मी जाऊन पाहिलंही. पण निफाड नाशिकपासून चाळीसेक किलोमीटर, सटाणा नव्वदच्या आसपास. माझा खुनी रात्री नऊला गोदाघाटावर लोकांना दिसतो. सटाण्याहून तो तेवढ्या वेळात पोहोचूच शकत नव्हता, म्हणजे तो निर्दोष ठरत होता! शेवटी गाव निफाडच ठेवलं आणि महिना फेब्रुवारी केला. मग दिवाळीचे दिवे गेले, पाडव्याचं ओवाळणं गेलं, त्या ताटातल्या अंगठीचा धागा दुसऱ्या प्रसंगात न्यावा लागला. नऊ दिवस लागले. दुसऱ्या आवृत्तीत हे सगळं बदललंय. एक प्रत तुमच्या पत्त्यावर पाठवली आहे. वाचून कळवा, अजून काही खटकलं तर तेही.

नव्या कादंबरीत इन्स्पेक्टर 302 न म्हणता 103 का म्हणतो?
– स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी, नाशिक रोड

कारण गोष्ट 2025 ची आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचं कलम 103 झालं. आता या संहितेत 302 म्हणजे कुणाच्या धार्मिक भावना मुद्दाम दुखावणारे शब्द उच्चारणं. जुना आकडा तसाच राहिला असता तर माझ्या इन्स्पेक्टरने आरोपीवर भलताच गुन्हा लावला असता. अकस्मात मृत्यूच्या चौकशीचं कलमही 174 चं 194 झालंय, ते मात्र तपासाचे नियम असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत. पण गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदा लागतो. म्हणून माझ्या ज्या कादंबरीतला खून 2023 च्या पावसाळ्यात होतो, तिथे 302 कायम आहे आणि तो कायमच राहील. बोलताना पोलीस आणि वकील अजूनही सवयीने 'तीनशे दोन' म्हणतात, ते संवादात ठेवलंय. फिर्यादीच्या कागदावर मात्र 103.

स्वखर्चाने पहिली रहस्यकथा छापतेय. छपाईच्या वेळी काय सांभाळू?
– एक वाचक, सातपूर

ताई, बाईंडिंगहून येणारा पहिला गठ्ठा स्वतः सोड. सोळा पानांचा एक फर्मा असतो, हे तुला माहीत असेलच. माझी तिसरी कादंबरी 208 पानांची, म्हणजे तेरा फर्म्यांची होती. प्रकाशनाच्या आदल्या संध्याकाळी तीनशे प्रती घरी आल्या. नव्या पुस्तकाचा वास घ्यावा म्हणून एक उघडली, तर पान 64 नंतर थेट 193. पाचव्या फर्म्याच्या जागी तेरावा शिवला गेला होता. 193 वर खुनी कबुली देतो.

मी, मुलगी आणि शेजारच्या काकू रात्री अडीचपर्यंत सतरंजीवर बसून होतो. एकेक प्रत घ्यायची, 64 वर अंगठा ठेवायचा, पान उलटायचं. अडतीस प्रती बाजूला निघाल्या. चुकीचा फर्मा कापून काढू, अशी एक कल्पना निघाली, पण पुस्तक खिळखिळं झालं असतं. त्या सगळ्या परत केल्या, आणि बाईंडरने आठवड्याभरात नव्या शिवून दिल्या.

एक तरीही नजरेतून सुटलीच. चार दिवसांनी पंचवटीतल्या एका रिक्षावाल्या काकांचा फोन आला. "ताई, माझ्या पुस्तकात 65 ते 80 पानं नाहीत. 193 चा आकडा दिसला तसं मी मिटून ठेवलंय, एक ओळ वाचली नाही. चांगली प्रत मिळेल का?" प्रत पिशवीत टाकली आणि त्याच संध्याकाळी स्कूटरवरून पंचवटीतल्याच मालेगाव स्टँडवर त्यांना नेऊन दिली.