त्तुन-त्तुन, तुणतुणं आणि एका सरदाराची चूक

प्रश्न असा आलाय : फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या बास्क लोकांचं 'त्तुन-त्तुन' आणि आपलं 'तुणतुणं' हे एकाच मुळाचे शब्द का? दोन्ही 'तंतु'वरून आल्याचं वाचलं.

नाही. तार दिसली की लगेच संस्कृतात मूळ धुंडाळायची खोड आता पुरे. फ्रान्सच्या बाजूच्या सुबेरोआत त्तुन-त्तुन म्हणजे लांबट लाकडी पेटी आणि तिच्यावर बहुधा सहा तारा. त्या षड्ज-पंचमात लावायच्या आणि काठीनं ठोकायच्या. वादक एकटाच : डाव्या हातात तीन भोकांची 'चिरुला' बासरी, उजव्यात काठी. पण नाव तारेचं असतं, तर स्पेनच्या बाजूच्या नवाऱ्यातल्या बास्तान खोऱ्यात बासरी आणि ढोलकं वाजवणाऱ्याला 'त्तुनत्तुनेरो' कसं म्हणाले असते? तिथे तार औषधालाही नाही! नाव नादाचं आहे, आपल्या तुणतुण्यासारखंच. नातं एवढंच.

माझं तर मत आहे की नादावरून नाव पडतं ते सोबतीच्या वाद्याला. सुरावट कानातून निसटते, मागची तुणतुण राहते. कुणी 'चिस्तू' पुढे करील, कारण ती बासरी आणि त्या शब्दाचा अर्थच शिट्टी. करू दे. एका शिट्टीनं माझं मत बदलत नाही.

खरी मजा 'अल्बोका' या बास्क वाद्यात आहे. त्याला 'बास्क बॅगपाइप' म्हणणाऱ्यांनी त्यातली पिशवी दाखवावी. बोरूच्या दोन नळ्या, दोन्ही टोकांना शिंगं, आणि वादक गालात हवा धरून नाकानं श्वास घेत राहतो, म्हणून आर्रातिया खोऱ्यातल्या जत्रेत ते घुमणं तुटत नाही. शब्द अरबी : 'अल-बूक', म्हणजे शिंग, तुतारी. 'अल' हे उपपद नावालाच चिकटून आलं. स्पॅनिश 'अल्बोगे'ही तोच.

आणि या अल्बोगेवर प्रवचन कुणी द्यावं? सर्व्हांतेसच्या कादंबरीतल्या वेडसर सरदारानं, डॉन किहोतेनं! कादंबरीच्या १६१५च्या दुसऱ्या भागात त्याचा सेवक सांचो विचारतो, हे काय असतं? सरदार सांगतो, मेणबत्तीच्या घरासारख्या पितळी चकत्या, एकमेकींवर आपटायच्या. वाद्यच चुकलं. वर ठासून सांगतो की 'अल'नं सुरू होणारे सगळे स्पॅनिश शब्द मूरांचे, म्हणजे स्पेनमधल्या अरबी मुसलमानांचे, आणि दाखल्यांत देतो 'अल्मोर्सार', म्हणजे जेवणे. हा शब्द लॅटिनमधल्या 'चावा घेणे' या अर्थाच्या शब्दावरून आलेला. त्याच्या 'अल'ला अरबी वळण लागलं असेल, तर फार तर तेवढंच.