मोज, मग बोल

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. म्हणतेस, २०५० पर्यंत ९९ टक्के समुद्री पक्षी प्लास्टिकने मरणार, आपण नाशिकला, समुद्र बघायचा तरी कसारा उतरावा लागतो, मग गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पिशव्या वेचून काय उपयोग, सोडून देऊ का. अगं, आधी तो आकडा तरी नीट वाच! २०१५ च्या त्या अभ्यासात मरणार असं कुठेय? समुद्री पक्ष्यांच्या ९९ टक्के जाती प्लास्टिक गिळू लागतील असा अंदाज होता, तोही मॉडेलमधून काढलेला.

म्हणजे सगळं ठीक चाललंय असं नाही हां. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावरच्या शिअरवॉटर पक्ष्यांच्या जठरात प्लास्टिकने जखमा होऊन व्रण धरलेत, २०२३ मध्ये संशोधकांनी त्या आजाराला प्लास्टिकोसिस असं नावच दिलं. पण हे कळलं कसं, तर कुणीतरी पोटं उघडली, तुकडे काढले, मोजले. म्हणून म्हणतो, मोज, मग बोल.

युरोपातल्या उत्तर समुद्राच्या काठावर फुलमार नावाचे समुद्री पक्षी मरून पडलेले सापडतात. हा पक्षी खातो सगळं समुद्रावरच आणि टणक वस्तू सहसा ओकून टाकत नाही, त्यामुळे समुद्रात काय तरंगतंय ते त्याच्या पोटात कळतं. तिकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं ते प्लास्टिक तोललं, लिहून ठेवलं, म्हणून आज त्यांना उद्दिष्ट ठरवता आलं, की ०.१ ग्रॅमच्या वर प्लास्टिक असलेले फुलमार १० टक्क्यांपेक्षा जास्त सापडायला नकोत. पॉइंट एक ग्रॅम! रडून असं काही ठरत नाही.

आणि रामकुंडावरची पिशवी थेट बंगालच्या उपसागरात जाते असं स्टेटसला टाकणं बंद कर. मध्ये नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे, जायकवाडीचं धरण आहे, किती अडकतं किती पुढे जातं, मोजलंयस? नांदूरमध्यमेश्वरला अडकलं तरी ते रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं, तिथे पक्षीच आहेत ना. अरबी समुद्रच हवा असेल तर त्र्यंबकला जा, तिथल्याच डोंगरातून वैतरणा निघते आणि पश्चिमेला जाते.

मला ग्रुपमध्ये वाण्याचा काटा म्हणायचे. २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा सगळे फोटो काढत होते आणि मी निर्माल्याच्या पिशव्या सोडवून, वाळवून तोलत बसलेलो. मोर्चाला गेलो नाही म्हणून जवळचे मित्र तुटले, त्याचं अजून वाईट वाटतं. पण घाण सगळी बाहेरचे भाविक करतात असं कुणी म्हटलं की मी वही उघडतो, त्यात सगळ्यात वर निर्माल्याची आणि दुधाची पिशवी, म्हणजे आपल्याच घरातली. त्यावर कुणी बोलत नाही. मी चुकलो असं मला तरी वाटत नाही, तुला वाटत असेल तर तोंडावर सांग.

रविवारी साडेसहाला गाडगे महाराज पुलाखाली ये. मिळालेलं ओलं तोलायचं नाही, आधी वाळवायचं, नाहीतर पाण्याचंच वजन लिहिशील. काटा माझ्याकडे आहे, गोण्या तू आण.