जठराची सूज आणि भाज्यांचा रस

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे आहे. पोटात सतत जळजळ होत असल्यामुळे दुर्बिणीतून तपासणी केली, तेव्हा जठराला सूज असल्याचे निदान झाले. गुडघेदुखीसाठी मी अधूनमधून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेते. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून सध्या रोज अनशापोटी दुधी भोपळा आणि कोबी यांचा कच्चा रस एकत्र करून पिते. तो कधीकधी कडवट लागतो. हा उपाय चालू ठेवावा का?

उत्तर : कडवट लागणारा रस आजपासून पूर्णपणे बंद करावा. दुधी, काकडी, भोपळा या कुळातील फळांत क्युकर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्ये असतात. ती एरवी नगण्य असली, तरी एखाद्या फळात त्यांचे प्रमाण फार वाढते आणि मग त्याच रसाने उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली जाणे असे गंभीर परिणाम होतात. म्हणजे ज्या जठराला आराम पडावा म्हणून आपण रस घेता, तेच त्याने सोलवटून निघू शकते. आपल्या देशात अशा रसाने मृत्यूही झाले असून, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने हा विषय तपासला. रस काढण्यापूर्वी फळाचा लहानसा तुकडा चाखावा, कडू लागल्यास फळ टाकून द्यावे आणि या रसात दुसरा रस मिसळू नये, हे तिच्या सल्ल्याचे सार आहे. आपण नेमके मिश्रण करता, आणि त्यात कडूपणा झाकला जातो. या विषावर उतारा नाही. रस प्यायल्यावर मळमळ किंवा उलटी झाल्यास थेट रुग्णालय गाठावे.

कोबीच्या रसाची कीर्ती मात्र अगदीच निराधार नाही. अमेरिकेतील डॉ. गार्नेट चेनी यांनी १९४९ मध्ये जठर व लहान आतड्यातील व्रणांच्या १३ रुग्णांना रोज सुमारे एक लिटर ताजा रस देऊन व्रण लवकर भरल्याचे नोंदवले होते. परंतु रुग्ण मोजके होते, तुलनेसाठी सोबत रस न दिलेला गट नव्हता आणि व्रण म्हणजे आपल्याला झालेली सूजही नव्हे. थोडा रस मानवत असेल तर हरकत नाही; पोट फुगत असेल तर हट्ट धरू नये. रक्त पातळ करणारी वॉरफरिन ही गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो नियमित घेऊ नये.

आपल्या पत्रातील खरी महत्त्वाची ओळ मला गुडघ्याच्या गोळीची वाटते. अशा बहुतेक गोळ्या जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात, त्यामुळे एकीकडे गोळी आणि दुसरीकडे रस हा व्यवहार तोट्याचाच ठरतो. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा जिवाणू रसाने जात नाही. त्यासाठी आम्ल कमी करणारे औषध आणि प्रतिजैविके बहुधा १४ दिवस एकत्र घ्यावी लागतात. दुर्बिणीच्या वेळी त्याची चाचणी झाली होती का, हे अहवालात पाहावे. नसल्यास श्वासाची किंवा शौचाची चाचणी करता येते. मात्र आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर ती चाचणीआधी किती दिवस थांबवायची, हे डॉक्टरांनाच विचारावे. गुडघ्यांसाठी कोणता पर्याय घ्यावा, याची चौकशीही त्याच भेटीत करावी. मध्यंतरी शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसले, तर त्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.